माग आहेत, माणूस नाही

"ऑर्डर आहे ओ, चालवायला माणूस नाही." सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात अण्णा आज हे म्हणाले आणि ते डोक्यातून जाईना.

चार माग धडधडत होते, बाकीचे बंद. बंद मागांच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, सुताची पिंज साचलेली, एकावर तर अर्धी विणलेली चादर तशीच ताणलेली. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामगार घरी बसले, ते परत आलेच नाहीत. कोणी रिक्षा चालवतो, कोणी पुण्यात वॉचमन.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. धंदा टिकवायला गुंतवणूक आणा, असं लोक म्हणतात; आणावीच. नवी यंत्रंही येतील. पण मागावरचा हात तयार व्हायला वर्षं लागतात. मजुरीत घर चालत नसेल, तर विणकरांची पोरं या धंद्यात कशाला येतील?