चवथीची साफसफाई आणि ‘कल्पना’

चवथ तोंडावर आली की आमच्या फोंड्याच्या घरातला माळा रिकामा होतो. यंदा गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायची माटोळीची चौकट उतरवताना तिच्यामागून बिस्किटांचा एक जुना डबा निघाला. आत जुन्या नेटवर्कचं सामान: बीएनसीच्या चार ‘टी’ (वायरीला मशीन जोडायचे टी-आकाराचे सांधे), दोन टर्मिनेटर (वायरीच्या टोकांना लावायची टोपणं) आणि हातभर काळी कोॲक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी वायर. बायको म्हणाली, “हे भंगारवाल्याला.” मी डबा गुपचूप बाजूला ठेवला.

नव्वदच्या दशकात पणजीतल्या एका कार्यालयाचं नेटवर्क माझ्याकडे होतं. एकाच पातळ कोॲक्सवर सगळी मशीनं ओवलेली. एका तुकड्याला १८५ मीटर, फार तर ३० मशीनं, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. पावसाळ्यात टीवर हिरवट थर चढायचा. झाडू मारताना कुणी टेबल सरकवलं, टी सुटली, की अख्खं ऑफिस ठप्प! मग मी मल्टिमीटर घेऊन टेबलांखाली रांगायचो. टीवर २५ ओहम दिसले तर वायर धड, ५० दिसले तर एका बाजूला तुटलंय. गुडघे तेव्हापासूनचे गेलेत.

पण खरं दुखणं वायरचं नव्हतंच. मशीनांनी एकमेकांशी बोलायची ही पद्धत, म्हणजे इथरनेट, १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफच्या डोक्यातून निघालं, ते एका सामायिक वायरीसाठी. म्हणजे आमच्या वाड्यावर भोंपू वाजवत पाव विकणाऱ्या पोदेरासारखं. पाव एका घराचे, पण भोंपू सगळ्या वाड्याला ऐकू जाणार. दोन पोदेर एकदम वाजवायला लागले की दोघांनीही थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा वाजवायचं. वेग सेकंदाला १० मेगाबिट, तोही सगळ्यांत मिळून. पुढे हब, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा डबा, आला, प्रत्येक मशीनला आपली वायर मिळाली, माझं रांगणं थांबलं. भोंपू मात्र तोच: एकाने बोलायचं, बाकी सगळ्यांनी ऐकायचं.

ऐंशीच्या दशकात डेक या संगणक कंपनीने ‘ब्रिज’ नावाचा डबा काढला होता. तो दोन तुकड्यांच्या मधे बसून येणाऱ्या प्रत्येक फ्रेमचा (म्हणजे पत्ते लिहिलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचा) ‘प्रेषक’ वाचायचा आणि कोण कुठल्या बाजूला राहतो ते लक्षात ठेवायचा. पलीकडे काम नसेल तर फ्रेम पलीकडे सोडायचीच नाही. कुणी शिकवावं लागत नाही, आपोआप शिकतो. हे मला आजही कौतुकाचं वाटतं. चुकून वर्तुळ झालं तर फ्रेमा गरगरत राहू नयेत म्हणून डेकच्याच रेडिया पर्लमनने १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही जादा वाटा बंद ठेवायची युक्ती बसवली.

आणि मग १९९० च्या सुमारास, सिलिकॉन व्हॅलीतून इथरस्विच. सात पोर्टांचा, म्हणजे वायरी खुपसायच्या सात दारांचा डबा. एका जोडीचं बोलणं चालू असताना दुसऱ्या जोडीलाही बोलता येणार, प्रत्येक पोर्टला आपले पुरते १० मेगाबिट. गंमत म्हणजे हा डबा पूर्ण फ्रेम यायची वाटच बघत नसे. घेणाऱ्याचा पत्ता पहिल्या सहा बाइटांत असतो. तेवढा वाचला की लगेच पुढे. तोटाही त्यातच: फ्रेम धड आहे का हे सांगणारा तपासणीचा आकडा शेवटी असतो, त्यामुळे खराब फ्रेमसुद्धा बिनबोभाट पुढे जायची.

मुळात हाही ब्रिजच, जास्त दारांचा. पण तेव्हा बाजारात राउटरची (वेगवेगळी नेटवर्कं जोडणाऱ्या डब्यांची) चलती होती आणि मोठ्या नेटवर्कांत ब्रिज बदनाम झाला होता, म्हणून नवं नाव. (पुलाची पत तेव्हा आमच्याकडेही गेलेलीच होती. १९८६ च्या पावसात मांडवीवरचा पूल कोसळला आणि आम्ही बेती–पणजी फेरीबोटीच्या रांगेत उभे.) नुसत्या बारशाने माल खपतो यावर माझा विश्वास नव्हता. आता आहे.

इथरस्विच काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांची कंपनी. भारद्वाजांच्या पत्नीचं नाव दिलेलं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली, डब्यांवरून नाव गेलं. दोन-चार वायरी एकत्र बांधून एकच जाड वाट करायची त्यांची इथरचॅनेलची युक्ती मात्र सिस्कोकडे टिकली.

हे सगळं मी माटोळीची चौकट पुसता पुसता बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“त्याने कंपनीला बायकोचं नाव दिलं. तुम्ही वीस वर्षं वायरी ओढल्यात, घरच्या वायफायला तरी माझं नाव दिलंत?”

आमच्या वायफायचं नाव ‘टेस्ट२’ आहे.