अल्बम घडले ते गाव

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनात एक अजस्र यांत्रिक बैल उभा आहे. मधूनच तो मान हलवतो, शेपूट हलवतो, डोळे फिरवतो आणि खाली उभी असलेली पोरं किंचाळतात. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनात साखळ्या घडवणाऱ्या बायकांच्या भूमिकेतल्या कलाकारांनी त्याला ओढत मैदानात आणलं होतं. पुढच्या वर्षी तो स्टेशनात आला, तेव्हा लोकांनी मतं देऊन त्याचं नाव ठेवलं, ओझी. ब्लॅक सॅबथ या बॅंडच्या ओझी ऑस्बॉर्नवरून. ज्या गावाने आपल्या स्टेशनातल्या बैलाला हेवी मेटलच्या गायकाचं नाव दिलं, त्या गावात मला कधीपासून यायचं होतं. कव्हेंट्रीत ऑफिसचं काम निघालं आणि ऑक्टोबर २०२५मधला एक शनिवार-रविवार हाताशी आला. गायक ओझीला जाऊन तेव्हा तीन महिने होत होते.

शनिवारी सकाळी लोकल गाडीने विटनला गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की व्हिला पार्क दिसतं, ॲस्टन व्हिलाचं फुटबॉल मैदान. ५ जुलै २०२५ला इथेच ब्लॅक सॅबथच्या मूळच्या चौघांनीही वीस वर्षांनी एकत्र वाजवलं. ओझीला पार्किन्सन्स होता, उभं राहता येत नव्हतं. काळ्या सिंहासनावर बसून त्याने कार्यक्रम पूर्ण केला. मेटॅलिका, स्लेयर, गन्स अँड रोझेस हे बॅंड त्याच्या आधी वाजवून गेले होते. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. जगभर फिरलेल्या माणसाने शेवटचं गाणं आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर म्हटलं, हे मला फार मोठं वाटतं.

ते घर म्हणजे १४, लॉज रोड. एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांची रांग, त्यातलं एक. दोन झोपायच्या खोल्या आणि सहा भावंडं. वडील टूलमेकर, रात्रपाळीला जाणारे. आई लुकासच्या कारखान्यात. ओझीनेही तिथे काम केलं, गाड्यांचे हॉर्न सुरात लावायचं. आता आजूबाजूला पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबं राहतात. कोपऱ्यावरच्या दुकानात भेंडी, कारली, हिरव्या मिरच्या मांडलेल्या होत्या. घरात लोक राहतात म्हणून मी पलीकडच्या फुटपाथवरच उभा राहिलो. मला ती गल्ली परकी वाटलीच नाही. आमची चिंचवडची कॉलनी अशीच होती, सगळे बाप शिफ्टला जाणारे.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि वीजही गुरुवारीच जायची. माझे वडील, अण्णा, भोसरीत पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. गुरुवारी ते घरी, मी कॉलेज बुडवून घरी, पंखा बंद आणि टू-इन-वन सेलवर. माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती, मित्राच्या मामेभावाकडून भरून आणलेली. एका बाजूला सॅबथचा ‘पॅरानॉइड’, दुसऱ्या बाजूला ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’. हा दुसरा अल्बम जेमतेम चौतीस मिनिटांचा, म्हणून शेवटी उरलेल्या फितीवर जुडास प्रीस्ट या दुसऱ्या मेटल बॅंडची दोन गाणी कोंबलेली. सेल उतरायला लागले की फीत हळू फिरायची आणि सूर खाली जायचा. इतर कुठल्याही कॅसेटचं त्याने वाटोळं व्हायचं. सॅबथ मात्र आणखी जड, आणखी काळा होत जायचा. गुरुवारी संध्याकाळचा सॅबथ मला सगळ्यात प्रिय होता.

केस मानेखाली गेले होते. कवटीचा काळा टी-शर्ट घालून मी कॉलनीभर फिरायचो, गणपतीत आई तो माळ्यावर टाकायची आणि दीड दिवसाने मी तो काढायचो. अण्णांशी बोलणं जवळपास बंद होतं. त्यांनी मला आयटीआयला घालायचं ठरवलं होतं आणि मला प्रेसचा तो धाड-धाड आयुष्यभर नको होता. अशाच एका गुरुवारी त्यांनी विचारलं, हे कोण बडवतंय? मी रागारागात सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट सांगितली, नुकतीच एका मासिकात वाचलेली. सतरा वर्षांचा पोरगा, ॲस्टनजवळच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरी सोडली होती, शेवटचा दिवस होता. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला त्या मशीनवर बसवलं. जेवायला घरी गेला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं, आईने पाठवलं. दुपारी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, “मशीनला सेफ्टी गार्ड नव्हता?”

मग पुढचं सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्यांच्या शॉपमध्ये बोटं गेलेले लोक होते, आमच्या घरी हळदी-कुंकवाला येणाऱ्या एका काकूंचे मिस्टर त्यांतलेच. आयोमीने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोटाएवढं भोक पाडलं, पॉलिश पेपरने घासून टोप्या बनवल्या आणि पकड यावी म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. “म्हणजे हा फिटर आहे,” अण्णा म्हणाले. तारा दाबताना दुखू नये म्हणून त्याने बॅन्जोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’च्या वेळी गिटार तीन अर्धस्वर खाली लावली, तारा सैल झाल्या आणि आवाजाला ते वजन आलं. त्यानंतर जगभरच्या हजारो बॅंडनी गिटारी खाली उतरवल्या. भोसरीतल्या प्रेसवरच्या माणसाला त्या आवाजाचं कारण माझ्याआधी कळलं होतं.

ॲस्टनहून परत शहरात आलो. स्टेशनाला लागूनच स्टेशन स्ट्रीटवर ‘द क्राउन’ नावाचा पब आहे, २०१४पासून बंद. १९६८मध्ये वरच्या मजल्यावर ‘हेन्रीज ब्लूजहाउस’ चालायचं. सॅबथचं नाव तेव्हा ‘अर्थ’ (Earth, पृथ्वी) होतं, ते तिथे वाजवत आणि तो क्लब चालवणारा जिम सिम्प्सनच त्यांचा पहिला मॅनेजर झाला. आज खिडक्यांना फळ्या आहेत. एवढ्या मोठ्या इतिहासाची जागा अशी पडून आहे, हे पाहून मला खरोखर राग आला. लिव्हरपूलने बीटल्स जिथे वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबचं तळघर पुन्हा उभारून पर्यटकांसाठी खुलं केलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

महापालिकेच्या म्युझियममध्ये ओझीचं प्रदर्शन होतं, फुकट. गोल्ड डिस्क, ग्रॅमी, मोठमोठे फोटो. बघून लवकर बाहेर पडलो, कारण मला ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलावर जायचं होतं. पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव आहे आणि २०१९पासून तिथे धातूचा एक बाक आहे, वर चौघांचे चेहरे. ३० जुलैला अंत्ययात्रा इथेच थांबली होती. फुलांचा तो ढीग आता नव्हता, पण ताजे गुच्छ होते, ओझीने एकदा स्टेजवर चावलेल्या वटवाघळाच्या आठवणीतली खेळणी होती, पोर्तुगीज आणि जपानीत लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. पासष्टीच्या पुढच्या एका बाईंनी माझा फोटो काढून दिला. १९७०मध्ये, १३ फेब्रुवारीच्या शुक्रवारी, पहिला अल्बम आला तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यांच्या वडिलांनी ती रेकॉर्ड बागेत फेकली होती, एवढं सांगून त्या बसच्या मागे धावल्या.

तो अल्बम मी पहिल्यांदा धड पाहिला तो डिगबेथमधल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात. भरून घेतलेल्या कॅसेटला कव्हर नसायचं, रेघी कागदावर बॉलपेनने गाण्यांची नावं असायची. मोठ्या एलपीवर ते चित्र वेगळंच दिसतं. ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरहॅमची पाणचक्की, वाळलेलं गवत आणि काळ्या वस्त्रातली बाई. शेजारच्या कप्प्यात जुडास प्रीस्टचा १९८०चा ‘ब्रिटिश स्टील’ होता, दाढीचं भलंमोठं ब्लेड बोटांत धरलेला हात. प्रीस्टचा गिटारवादक ग्लेन टिप्टन गाण्यात येण्याआधी ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीतच शिकाऊ उमेदवारी करत होता. त्या अल्बममधला यंत्रांच्या पावलांचा आवाज त्यांनी स्टुडिओत काट्या-चमच्यांचा ट्रे खडखडवून काढला होता. तो एलपी मी घेतला. घरी रेकॉर्ड प्लेयर नाही, तरीही घेतला.

रविवारी टिप्टन नावाच्या स्टेशनवर उतरून डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमला गेलो. बर्मिंगहॅमच्या वायव्येचा हा कोळशाचा, लोखंडाचा पट्टा. काजळीने काळा झाला म्हणून ब्लॅक कंट्री. टायटॅनिकचा सगळ्यात मोठा नांगर याच पट्ट्यात, नेदरटनला घडला. १९१०मध्ये क्रॅडली हीथच्या साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी मजुरीसाठी दहा आठवडे संप केला आणि जिंकला. संपाच्या निधीतून उरलेल्या पैशांवर उभी राहिलेली त्यांची इमारत वीटन् वीट सोडवून या म्युझियममध्ये आणली आहे. न्यू स्ट्रीटवरच्या बैलाला ओढणाऱ्या बायका त्या ह्या. त्या इमारतीच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो. आपल्याकडे १९८२च्या गिरणी संपातल्या बायकांसाठी अशी एखादी इमारत हवी होती.

साखळीच्या शेडमध्ये एक कारागीर प्रात्यक्षिक देत होता. भट्टीतून पांढरी झालेली सळई काढायची, ऐरणीवर वाकवून आधीच्या कडीत अडकवायची, दोन्ही टोकं एकावर एक धरून घण घालायचा. घाव जड, मधली जागा सारखी, पायाखालची जमीन हलते. तो ठेका ऐकून मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. चिंचवडला संध्याकाळ झाली होती.

“रॉड न लावता जोडतोय? फोर्ज वेल्ड!” अण्णा स्क्रीनच्या अगदी जवळ आले. “त्याला विचार, वाळू टाकतो का? भट्टीत दगडी कोळसा आहे की कोक?”

कोक, कारागीर म्हणाला, आणि विचारणारे कोण? मी म्हटलं, माझे वडील, छत्तीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. त्याने हातमोजा काढला, पुढे आला आणि अण्णांना भाजल्याचे डाग दाखवले, मनगटापासून कोपरापर्यंत. अण्णांनी दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरले, दहाच्या दहा बोटं. तो मोठ्याने हसला. मग अण्णांना घणाचं वजन हवं होतं, एका कडीला किती उष्णता लागते ते हवं होतं, दिवसाला किती फूट साखळी व्हायची तेही हवं होतं. मागे पुढच्या प्रात्यक्षिकाची रांग लागली, तरी माझ्यामार्फत त्या दोघांचं चालूच होतं.