लातूरातून फॅमिली ड्रामा : आमची वाटचाल

लातूरात बसून सिरियल काढायलोत म्हणलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, मुंबई सोडून इथं कामून? त्याचं उत्तर दोन वाक्यात देता येत नाही म्हणून आमच्या फर्मची वाटचाल एकदा सविस्तर लिहायलेय. फर्म म्हणजे आम्ही तिघं, मी, माझा नवरा आणि धाकटे दीर. मी लिहिते, नवरा कॅमेरा आणि एडिट बघतो, आणि भाऊजींकडं प्रॉडक्शन, म्हणजे पैसा, माणसं, जागा, जेवण, गाड्या, परवानग्या सगळंच. बाकी युनिट कामापुरतं जमतं, पण त्यातली बरीच पोरं आता वर्षानुवर्षं आमच्यासोबतच आहेत.

सुरुवात नवऱ्याच्या दुकानापासून झाली. गंजगोलाईजवळ त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, कॅसेटच्या काळापासून. लग्नात रीटेक नसतो, अक्षता पडल्या की पडल्या, त्यामुळं मंगलाष्टकाला मुलीची आई कुठं उभी राहणार, पाठवणीच्या वेळी बाप कोणत्या खांबाआड जाऊन डोळे पुसणार हे त्याला आधीच कळतं आणि कॅमेरा तिथं तयार असतो. आज आमच्या सिरियलमधी जे साधे शॉट लोकांना आवडतात ते सगळे त्या लग्नांतून आलेत हे मी कुठंही सांगायला तयार आहे. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं लिहायचे. भाऊजी विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात, तेव्हाच्या औरंगाबादला. ज्या शहरातून ‘जिगीषा’सारखी नाटकाची संस्था उभी राहिली, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी यांच्यासारखी माणसं मुंबईला जाऊन मोठी झाली, मकरंद अनासपुरेंनी आपली मराठवाडी बोली घराघरात नेली, तिथल्या प्रत्येक पोराला देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची असायची. भाऊजी पण गेले, ॲक्टर व्हायला. झाले प्रॉडक्शन असिस्टंट.

इथं जरा थांबून सांगते, कारण या लाईनमधी येऊ बघणारी पोरं आमच्याकडं लई येतात आणि प्रोड्युसर म्हणजे ज्याच्याकडं पैसा आहे तो, एवढंच त्यांना माहीत असतं. पैसा लावणारा असतोच, पण सिरियल चालवणारा प्रोड्युसर खालून घडत येतो. प्रॉडक्शन असिस्टंटचं काम म्हणजे व्हाउचर फाडणं, गाड्या लावणं, सकाळच्या नऊच्या शिफ्टला नाश्ता साडेआठला फ्लोअरवर पोचवणं, स्पॉटदादा, लाईटदादा, कॉश्च्युमदादा यांचे रोजचे पैसे आणि कन्व्हेयन्स वाटणं. त्यानंतर प्रॉडक्शन कंट्रोलर, मग ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, जो एका बाजूला चॅनलशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूला सेट चालवतो. दुसरी वाट लिखाणाची, वनलाईन म्हणजे भागाची थोडक्यात कथा लिहिणारा, स्क्रीनप्ले लिहिणारा, संवाद लिहिणारा, यातला एखादा क्रिएटिव्ह हेड होतो आणि पुढं स्वतःची कंपनी काढतो. काहीजण चॅनलमधली नोकरी सोडून येतात, काही ॲक्टर असतात. पण टिकतो तो, ज्याला महिन्याच्या शेवटी कुणाचे किती द्यायचेत हे तोंडपाठ असतं. भाऊजींना असतं.

डेली सोपचं, म्हणजे रोज लागणाऱ्या सिरियलचं गणित बाहेरच्याला माहीत नसतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधी प्रत्यक्ष भाग साधारण २२ मिनिटांचा, आठवड्याला सहा भाग म्हणलं की दर आठवड्याला दोन तासांच्या वर मटेरियल, म्हणजे एक आख्खा पिक्चर झाला. त्यात बँक ठेवायची, म्हणजे पुढचे काही भाग तयार पाहिजेत, कारण उद्या हिरोईन आजारी पडली तरी रात्री सिरियल लागलीच पाहिजे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि आकडा पडला की दोन आठवडे आधी ठरवलेला कथेचा ट्रॅक एका फोनवर बदलतो, रायटर रात्रभर जागून नवीन सीन देतो, कधीकधी सेटवर कागद गरम गरम येतो आणि ॲक्टर मेकअप करता करता पाठ करतो. पैशाचं असं, की चॅनल पर एपिसोड रेट ठरवून देतं, शूटिंगचा पैसा आधी प्रोड्युसर लावतो, बिल नंतर टाकतो, पेमेंट त्याच्याही नंतर येतं. कलाकारांच्या करारात ९० दिवसांनी पैसे असं सर्रास लिहिलेलं असतं. आणि सिरियलचे हक्क बहुतेक वेळा चॅनलचे, म्हणजे वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या सिरियलचा एक भाग सुद्धा प्रोड्युसरला आपला म्हणून दुसरीकडं दाखवता येत नाही. भाऊजी ईपी असताना एका निर्मात्याचं पेमेंट असंच अडकलं होतं, तेव्हा स्पॉटदादांचे पैसे भाऊजींनी स्वतःच्या खिशातून दिले, हे आम्हाला लई उशिरा आणि तेही दुसऱ्याकडून कळलं.

मार्च २०२० मधी सगळी शूटिंग बंद झाली आणि भाऊजी घरी आले. जूनच्या शेवटाला परत चालू झाली, मग एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात पुन्हा बंद, तवा कोण गोव्याला, कोण सिल्वासाला, कोण हैदराबादला युनिट घेऊन गेलं. त्या काळात रात्री जेवणं झाल्यावर आमचं एकच बोलणं चालायचं, की सेट जर गोव्याला जाऊ शकतो तर लातूरला का नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न माझा होता, की टीव्हीवर जे घर दिसतं ते आपल्याकडचं का नसतं. त्यातनंच फर्म रजिस्टर झाली, जीएसटी नंबर घेतला, दुकानाच्या वरच्या खोलीत ऑफिस थाटलं. सुरुवातीला बाहेरून मराठवाड्यात येणाऱ्या युनिटला लाईन प्रॉडक्शन दिलं, वाडा शोधून देणं, जनरेटर, ज्युनिअर आर्टिस्ट, ग्रामपंचायतीची परवानगी, दोनशे माणसांचं जेवण. आजही घरखर्च त्याच्यावरच चालतो. पण जीव अडकला तो आमच्या स्वतःच्या सिरियलमधी.

लातूर म्हणलं की लोकांना लातूर पॅटर्न आठवतो. ट्यूशन एरियात एकदा संध्याकाळी चक्कर मारा, पाठीवर सॅक घेतलेली पोरं-पोरी तर दिसतीलच पण भाजीवाल्याजवळ ज्या बायका दिसतील त्यातल्या कितीतरी लातूरच्या नाहीत. त्या अहमदपूरच्या, गंगाखेडच्या, केजच्या, नायगावच्या आहेत. लेकराची अकरावी-बारावी आणि ‘नीट’ म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा होईपर्यंत एक खोली किरायानं घेऊन आई इथं राहती, बाप तिकडं शेतावर. सोयाबीन विकलं की फी भरायची. हे आमच्या गावात इतकं रोजचं आहे की कुणाला त्याच्यात कथा दिसली नाही. मला दिसली, कारण माझ्या वर्गातल्या पोरींच्या आया अशाच राहायच्या.

लिहायला बसले तर पहिला ड्राफ्ट आईच्या कष्टांचा झाला. तो वाचून भाऊजींनी ‘हम लोग’ची गोष्ट काढली. १९८४ च्या जुलैमधी दूरदर्शनवर चालू झालेली ती आपल्याकडची पहिली मोठी फॅमिली मालिका, दीडशेच्या वर भाग. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरतेसाठी, कुटुंबनियोजनासाठी मालिका केल्या होत्या, तिथली ही कल्पना, आणि ती इकडं आणण्यात आपले वसंत साठे होते, तेव्हाचे माहिती-नभोवाणी मंत्री. मनोहर श्याम जोशींनी लिहिली, भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे. त्यात भागवंती नावाची आई आहे, सगळ्यांचं ऐकून घेणारी, सोसणारी. बायकांनी असं नुसतं सोसत राहू नये हे दाखवायला ती होती, पण नंतर अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तर बऱ्याच जणांना भागवंतीच आदर्श वाटलेली! भाऊजी म्हणले, "वहिनी, तुम्ही पण भागवंतीच लिहायल्यात. लोक रडतील, तुमच्या पाया पडतील, आणि घरी जाऊन बायकोला म्हणतील, बघ, अशी असती आई."

मी तो ड्राफ्ट तसाच बाजूला ठेवला आणि त्या दिवसापासून आमच्या फर्मचा नियम एकच आहे, आईचा त्याग विकायचा नाही. घरातलं एक माणूस पुढं जायलंय तर त्याच्यामागं कोणी काय काम उचललं, कोणाची झोप गेली, कोणाचा पैसा गेला, हे सगळं दिसलं पाहिजे आणि ते वाटून घेतलेलं दिसलं पाहिजे. मला प्रेरणा म्हणजे हेच वाटतं. कविता चौधरींची ‘उडान’ आठवा, १९८९ ची. पोलीस अधिकारी बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून त्यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि मेन रोल पण स्वतःच केला. पोरीच्या पाठीशी उभा राहणारा बाप विक्रम गोखल्यांनी केला होता. कांचन चौधरी पुढं २००४ मधी उत्तराखंडच्या डीजीपी म्हणजे पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला डीजीपी. ती मालिका बघून किती पोरींनी पोलिसात जायचं ठरवलं हे त्या पिढीतल्या बायकांना विचारा.

तर आमच्या सिरियलमधी आई लातूरला खोलीत, आणि गावाकडं बाप, आजी आणि धाकटं पोरगं. बाप भाकरी करायला शिकतो. हा सीन आम्ही रेणापूर तालुक्यात एका खऱ्या घरात केला. आमचा ॲक्टर शहरातला, त्याची भाकरी काठवटीतच तुटायची. घरातल्या आजी ओट्याजवळ बसून बघत होत्या, शेवटी त्यांना राहवलं नाही, कॅमेरा चालू असतानाच म्हणल्या, "आरं बाबा, पाणी ऊन घे की आधी, थंड पाण्यात ज्वारी धरती व्हय!" आणि उठून त्याच्या हाताला धरून पीठ मळून दाखवलं. नवऱ्यानं कट म्हणलंच नाही. तो शॉट तसाच ठेवलाय, संवाद सकट, आणि आजींना त्या दिवसाचं मानधन दिलं, सही घेऊन, इतर कलाकारांसारखं.

दुसरी गोष्ट आईच्या वहीची. साधी शंभर पानी वही, त्यात किराया, गॅस, टेस्ट सिरीज, रिक्षा, असं सगळं लिहिलेलं. आमच्या आर्टच्या पोरीनं ती वही पानंच्या पानं खरी भरली, क्लोजअप दोन सेकंदांचा असला तरी. एका ओळीपुढं तिनं लिहिलंय, "तुरीचा भाव बघून मग." ते मी लिहिलेलं नाही, तिच्या स्वतःच्या आईच्या वहीत तसंच असायचं. पुढं आई खोलीतून डबे द्यायला लागती, आधी दोन पोरांचे, मग वाढत जातात, आणि वहीत पहिल्यांदा जमेची बाजू येती. पोरीला नीटला ७२० पैकी जे मार्क पडतात त्यात सरकारी एमबीबीएस बसत नाही. ती फिजिओथेरपीला जाती. आई डब्याचा धंदा चालू ठेवती आणि बाप भाकरी चालू ठेवतो.

धाकट्या पोराचा रोल करणारा लेकरू दहा वर्षांचा, तर त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढली. कायद्यानं लहान कलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं बँकेत ठेव म्हणून ठेवावा लागतो. लई छोट्या युनिटना हे माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं. घराघराची गोष्ट सांगायची आणि सेटवरच्या लेकराला रात्री अकरापर्यंत बसवायचं हे आम्हाला जमणार नाही.

सिरियलचे पाच भाग तयार असताना एका चॅनलकडून बोलावणं आलं. मीटिंग चांगली झाली, माणसं समजदार होती, पण त्यांना प्रोमोला आई रडलेली पाहिजे होती, घरमालकीण खलनायिका पाहिजे होती आणि पोरगी राज्यात पहिली यायला पाहिजे होती. हक्क अर्थातच त्यांचे. पर एपिसोड जो आकडा सांगितला तो ऐकून मला क्षणभर घाम फुटला, कारण तेवढ्यात आमचं कॅमेऱ्याचं कर्ज फिटलं असतं. बाहेर पडल्यावर नवरा एवढंच म्हणला, घरमालकीण कशाला वाईट करायची, आपल्या लातूरात अर्ध्या घरमालकिणी परीक्षेच्या दिवशी पोरांना दही-साखर देतात. आम्ही त्यांना ‘नाही’ म्हणून कळवलं आणि सिरियल यूट्यूबवर स्वतःच टाकली. तिथं जाहिरातीचे पैसे तुटपुंजेच, चॅनल मॉनेटाईज व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास वॉचटाईम लागतो, खरा आधार स्थानिक स्पॉन्सरचा, बियाणंवाले, सराफ, स्टेशनरीवाले. त्यांना पण आधीच सांगतो की जाहिरात भागाच्या आधी येईल, सीनमधी नाही.

मेसेज आले ते बहुतेक बापांचे. गावाकडं एकट्यानं घर सांभाळणारे बाप, ज्यांच्याबद्दल कुणी कधी काही दाखवलेलं नाही. एकानं स्वतःच्या भाकरीचा फोटो पाठवला, बऱ्यापैकी गोल होती. नापास झालेल्या, दोनदा रिपीट केलेल्या पोरींनी लिहिलं, आणि त्यांच्या आयांनी. काही जणांना शेवट पटला नाही, पोरगी डॉक्टर व्हायला पाहिजे होती म्हणले, त्यांच्याशीही मी बोलत बसते, कारण ती तळमळ खोटी नाही.

सध्या दुसऱ्या सिरियलचं लिखाण चालूय, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मागं गावात आजीजवळ राहणाऱ्या दोन भावंडांची गोष्ट. ऊसतोड दिवाळीच्या आसपास सुरू होती आणि उन्हाळ्यापर्यंत चालती, म्हणून शूटिंगचे दोन टप्पे धरलेत, एक गाव भरलेलं असतानाचा आणि एक रिकामं झाल्यावरचा. बजेट अजून पूर्ण जमलेलं नाही, पण युनिटचे मागचे सगळे पैसे चुकते केल्याशिवाय नवीन कॉलशीट, म्हणजे शूटिंगला कुणी कधी यायचं त्याचा कागद, काढायची नाही हे भाऊजींनी ठरवलेलं आहे, आणि ते झालेत. बीड-धाराशिवकडची बोली घरातून आलेली पोरं-पोरी ॲक्टिंगसाठी हवीत, प्रॉडक्शनमधी शिकायचं असेल त्यांनीही यावं, व्हाउचर लिहिण्यापासून सुरुवात करायची तयारी ठेवून.