तक्त्यावर नसलेलं जेवण

जुलैत कर्जत तालुक्यातल्या एका शाळेत आमच्या डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या, मुलांचे सराव पाठ चालू होते. इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास, विषय आहार. पाठ घेणारी छात्राध्यापिका मेहनती. टाचण स्वच्छ, तक्ता देखणा: दूध, सफरचंद, बदाम, पनीर. “काल रात्री काय जेवलात?” तिने विचारलं. वरण-भात, चपाती-भाजी झालं. मग कातकरी वाडीवरचा एक मुलगा उत्साहाने म्हणाला, “मुठे! आन् आमी उंदीर बी खातो.” मुठे म्हणजे शेतातले लहान खेकडे.

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही, रागावलीही नाही. “बरं, बस,” म्हणाली आणि तक्त्याकडे वळली. पाठ संपेपर्यंत त्या मुलाचा हात पुन्हा वर आला नाही.

चर्चेच्या वेळी छात्रांचं म्हणणं एकच, “मॅडम, तिने त्याला काहीच वाईट म्हटलं नाही.” माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. हसणारा वर्ग तिने तसाच सोडला आणि त्या मुलाचं जेवण तक्त्यावर कुठेच नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं, हे या सगळ्यांनी परीक्षेत अचूक लिहिलेलं असतं. पण वर्ग हसतो त्या क्षणी काय करायचं, हे पेपरात येत नाही.

महाराष्ट्रात सरकारने ठरवलेले विशेष दुर्बल आदिवासी गट तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी म्हणजे पूर्वापार खैराच्या झाडापासून कात काढणारे लोक. आज त्यांतली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच तुटते. मी हे सांगत होते तेव्हा ठाकूरवाडीतून, म्हणजे ठाकूर आदिवासींच्या वस्तीतून, आलेली आमची एक विद्यार्थिनी आपणहून बोलू लागली. शेवळं ही पावसाळी रानभाजी काकडांच्या आंबट फळांबरोबर शिजवली नाही तर घसा कसा खाजतो, कुठलं पान कोवळं घ्यायचं, कुठलं टाकायचं. ती इतकं सलग बोलताना आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छात्राध्यापिकेने कोरा कागद लावला आणि विचारलं, “पावसात रानातून, शेतातून घरी काय काय येतं?” आता तो मुलगा पुढे आला. मुठ्याला मागून, पाठीवर कसं धरायचं, म्हणजे नांगी पोचत नाही, हे त्याने हाताने करून दाखवलं. तिने कागदावर मुठे लिहिले आणि प्रथिनांचा मुद्दा तिथूनच काढला. उंदराचं नाव आल्यावर दोघंतिघं पुन्हा हसली. या वेळी ती थांबली. “घरोघरी जेवण वेगळं असतं. कुणाच्याही ताटाला आपण हसायचं नाही,” असं शांतपणे सांगून तिने तोही शब्द कागदावर लिहिला.

पाठाआधी छात्रांनी वाडीवर जाऊन यावं, असा माझा आग्रह आहे. वेळापत्रकात त्याला जागा नाही, असं सहकारी म्हणतात. मी दुपारचे दोन तास त्यासाठी मागितले आहेत.