तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क घातल्यावर ब्रेक चिकटतात कशाने?

1965-66 ची व्ही-एट (आठ सिलेंडरच्या इंजिनाची) फोर्ड मस्टँग घेतलेले बरेच जण हे विचारतात: "पुढचे ड्रम काढून डिस्क किट घातलं, तरी थोडं अंतर गेलं की ब्रेक धरून बसतात. किटच खराब आहे का?" नाही हो. बहुतेक वेळा किट ठीक असतं, घोळ मास्टर सिलेंडरशी, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाशी असतो. पण डिस्क चाकातून दिसतात आणि सिलेंडर दिसत नाही, म्हणून पैसे डिस्कवर जातात.

निघताना पेडल उत्तम असतं. मग ते हळूहळू वर येतं, कडक होतं, गाडी ओढत नाही, पुढून जळका वास येतो. थंड झाली की सगळं सुटतं, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. तेव्हा तपासायचं ते गरम असताना, ब्रेक चिकटलेले असतानाच. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या आणि मास्टर सिलेंडरचे फायरवॉलवरचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचे) नट दोन-तीन आटे सैल करा. सिलेंडर किंचित पुढे आल्याबरोबर चाक फिरलं, तर पुशरॉड (पेडलचा जोर सिलेंडरच्या पिस्टनला देणारी दांडी) लांब आहे. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आतलं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेल्या ब्रेक ऑइलला टाकीत परतायला वाट उरत नाही. पेडल सोडल्यावर रॉडला जराशी मोकळीक हवीच. चाक नाहीच फिरलं, तर सिलेंडरवर पुढच्या ब्रेकच्या पाइपचा नट सैल करा. आता सुटलं, तर सिलेंडर ड्रमवाल्या गाडीचा आहे आणि तोंडाशी रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, तसाच आहे. ड्रमसाठीचा तो 10 पीएसआयच्या आसपासचा दाब डिस्कचे पॅड घासत ठेवायला पुरतो. तरीही अडकलेलंच असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, उघडा. ऑइल उडून चाक सुटलं, तर रबरी होज आतून सुजलाय. नाही सुटलं, तर कॅलिपरचा पिस्टनच जाम आहे. हा क्रम उलटा केलात की विनाकारण कॅलिपर बदलाल.

बजेट कमी असेल तर पुढेही ड्रमच ठेवा, पण सिलेंडर दोन कप्प्यांचा घाला. या गाड्यांना एकच कप्पा आहे. एक पाइप फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. फोर्डनेच 1967 पासून दोन कप्पे दिले. बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) नसेल तर सिलेंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, 1 इंचापेक्षा मोठा घेऊ नका, पाय दुखेल. इंजिनात ‘हॉट’ कॅम, म्हणजे जास्त ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट असेल तर आयडलला व्हॅक्यूम पडतं, मग बूस्टरचाही भरवसा नाही.

सस्पेन्शनचं म्हणाल तर पूर्वी मी सरसकट सांगायचो: शेल्बी ड्रॉप करा, म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या वरच्या आर्मची भोकं 1 इंच खाली घ्या. वळणावर बाहेरचं चाक वरून बाहेर झुकत नाही, हे खरंच आहे. पण बुश झिजलेले असताना नवी भोकं पाडून काय मिळणार? आधी स्ट्रट रॉडचे (खालच्या आर्मला पुढून धरणाऱ्या दांडीचे) रबरी बुश बघा. ते गेले की ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकतं, गाडी एका बाजूला ओढते आणि शिव्या कॅलिपर खातो. 1 इंचाहून खाली गेलात तर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट अडतो, तेव्हा त्याचा कोन बदलायला वेज (पाचर) लागते.

मागे ड्रमच राहू द्या. मागच्या लाइनवर ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) बसवा आणि रिकाम्या जागी जोरात ब्रेक मारून सेट करा. मागची चाकं पुढच्यांआधी लॉक होता कामा नयेत. मागे डिस्क घालणाऱ्यांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. ट्रॅकवर नेत असाल तर वाद घालायला या.