शटरस्पीड १/२०००, तरी लोकल तिरकी का?

तुम्ही विचारलंत: कळव्याच्या फलाटावरून सायलेंट शटरवर फास्ट लोकल टिपली. डबा स्पष्ट आला, पण दारं-खिडक्या तिरक्या. त्याच कॅमेऱ्याने गडकरी रंगायतनात नाटकाचे फोटो काढले, तर आडवे काळपट पट्टे. कॅमेरा बिघडलाय का?

नाही. सायलेंट शटरमध्ये पडदा हलत नाही; सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, ओळीओळीने वाचली जाते. शटरस्पीड सांगतो की प्रत्येक ओळीला उजेड किती वेळ मिळाला. सगळ्या ओळी वाचून व्हायला किती वेळ लागला, हा आकडा वेगळा, आणि मेनूत तो सहसा नसतोच.

२४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साधारण ६००० उभ्या रांगा आणि ४००० आडव्या ओळी असतात. उजेडाने प्रत्येक पिक्सेलच्या फोटोडायोडमध्ये (उजेड टिपणाऱ्या भागात) चार्ज साठतो, पण त्याचा आकडा करणारा एडीसी प्रत्येक पिक्सेलला नसतो. साध्या रचनेत तो उभ्या रांगेमागे एक, त्यामुळे एका वेळी एकच आडवी ओळ वाचता येते. पाळी आली की आधी पिक्सेलमधला छोटा कप्पा रिकामा करून त्याचं व्होल्टेज मोजतात. मग फोटोडायोडमधला चार्ज त्यात सोडून पुन्हा मोजतात आणि वजाबाकी करतात. कप्पा रिकामा करताना मागे राहिलेला नॉइज त्यात निघून जातो. सावलीतले तपशील या दुहेरी मोजणीवरच टिकतात, म्हणून तिथे घाई करता येत नाही.

एका ओळीला १२.५ मायक्रोसेकंद धरा. ४००० ओळींना ५० मिलिसेकंद झाले. तेवढ्यात ताशी ७२ किलोमीटरने धावणारी लोकल १ मीटर पुढे जाते. डब्याने फ्रेमची अर्धी उंची व्यापली असेल, तर छप्पर आणि तळ यांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. वाचन वरून खाली होत असेल तर तळ पुढे, छप्पर मागे. कॅमेरा उभा धरलात तर तिरकेपणा जातो, पण डबा लांबतो किंवा आखूड होतो. लोकलबरोबर कॅमेरा फिरवलात तर डबा सरळ, खांब तिरके!

मेकॅनिकल शटरच्या पडद्यालाही फ्रेम ओलांडायला साधारण ४ मिलिसेकंद लागतात. तिथे फरक जेमतेम ८ सेंटिमीटर पूर्ण उंचीत, म्हणून लोकलसाठी तोच वापरा.

आता पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. काही ओळी उजळ क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी. यातच तुमच्या कॅमेऱ्याचा तो लपलेला आकडा काढता येतो. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली पांढरी भिंत, सायलेंट शटर, स्पीड १/१०००, कॅमेरा आडवा. पट्ट्यांच्या जोड्या मोजा, म्हणजे एक उजळ आणि एक काळपट मिळून एक, आणि १० ने गुणा. साडेतीन जोड्या म्हणजे ३५ मिलिसेकंद. चांगला ड्रायव्हर (वीज सपाट करणारं सर्किट) असलेल्या एलईडीखाली पट्टे येणारच नाहीत, म्हणून ट्यूबच हवी.

काही कॅमेरे १४ ऐवजी १२ बिटवर जास्त वेगाने वाचतात, कारण रॅम्प पद्धतीच्या (एकेक पायरी चढत व्होल्टेज ताडून बघणाऱ्या) एडीसीला १६,३८४ ऐवजी ४,०९६ पायऱ्याच मोजायच्या असतात. सोनीच्या ए९ थ्रीमध्ये (२०२३) सगळ्या ओळींचा उजेड एकाच क्षणी थांबवून पिक्सेलमध्येच साठवतात, म्हणजे तिरकेपणाच नाही. पण त्या साठवणीला जागा लागते आणि कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २५० पासून सुरू होतो.

नाट्यगृहात मात्र आवाज चालत नाही, तिथे सायलेंटच हवा. स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा: प्रत्येक ओळीला पूर्ण झगमग मिळते आणि पट्टे जातात. १/१२५ ला ते फिकट परत येतात. डिमरवरचे स्टेज एलईडी याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. त्यांचे बारीक पट्टे दिसले तर स्पीड एकेक पायरी खाली आणा आणि पडदा उघडण्याआधी नेपथ्यावर दोन फोटो काढून बघा.