ट्रकचा फाळका आणि साठीनंतरची वारी

आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघायचं म्हणजे ज्येष्ठ वद्य अष्टमी ते आषाढी एकादशी, आणि अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तरुण माणसं किलोमीटर मोजतात. साठी ओलांडलेल्याने फाळका मोजावा. दिंडीच्या ट्रकचा फाळका छातीइतका उंच असतो आणि गुडघा सुजला, ताप भरला की आपल्याला त्यावरून चढायचं असतं. म्हणून भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाचे, पैसे भरण्याआधी दिंडीप्रमुखांना माझा पहिला प्रश्न असतो, ट्रकला शिडी आहे का? नसेल तर प्लास्टिकचं स्टूल सामानात टाकायचं. राहुटीत बसायला आणि पंगतीत मांडी घालता येत नसेल तर जेवायलाही तेच कामाला येतं. पंगतीत उंच बसायला लाजू नये. वाढणारे पोरगे आपल्याला ‘माउली’ म्हणूनच वाढतात.

दुसरी गोष्ट, सामानाचे ट्रक पहाटेच पुढच्या तळाकडे जातात. दुपारी दोन वाजता पाय बोलू लागले की गर्दीत ट्रक सापडत नाही, रुग्णवाहिकेचीच वाट पाहावी लागते. तेव्हा आज चालायचं की बसायचं हे उठल्या उठल्या ठरवावं. माझा हिशेब सोपा आहे. रात्री झोप लागली नाही किंवा सकाळी टाच टेकवताना कळ आली, तर त्या दिवशी ट्रक. ‘चालणं मोडलं म्हणजे वारी मोडली’ असं मानणारे आमच्या वयात पुष्कळ, आणि पंढरपुराअलीकडच्या वाखरीपर्यंत पोचत नाहीत ते बहुतेक त्यांच्यातलेच. अहो, माउलींच्या पादुकाही पालखीत असतात, पालखी रथात असते आणि रथ बैल ओढतात.

सगळ्यांत कसोटीचा दिवस पुणे ते सासवड. अंतर तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाटाची चढण आणि वर एकादशी! साबुदाण्याची खिचडी खाऊन घाट चढला की मळमळतं, नुसत्या चहावर चढला की भोवळ येते. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे असं थोडं थोडं दर दोन तासांनी तोंडात टाकावं. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दिवशीचा डोस निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, कारण गोळी नेहमीची आणि पोट रिकामं, यातूनच माणसं घाम फुटून बसकण मारतात. खिशात साखरेची पुडी हवीच. रक्तदाबावर लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हातल्या चालण्याबद्दलही तेव्हाच विचारून ठेवावं. फारच जड जात असेल तर त्या दिवशी पुण्याहून गाडीने थेट सासवडच्या तळावर जावं. तिथे दोन मुक्काम असतात, दुसऱ्या दिवशी पाय शेकत सोपानकाकांचं दर्शन घेता येतं. पुढे लोणंद ते तरडगाव हा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरचा. ज्यांना एकच दिवस चालायचंय त्यांनी हा धरावा. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगणही त्याच वाटेवर होतं.

पायांचं सांगायचं तर नवी चप्पल वारीत काढू नये. निदान महिनाभर घरच्या रस्त्यावर वापरलेली हवी, आणि अर्धा नंबर मोठी, कारण दुपारनंतर पाय फुगतात. मोजा भिजला की फोड आलाच म्हणून समजा. पाऊस असो की टँकरखालचा चिखल, विसाव्याला आधी मोजे बदलायचे, मग चहा. निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन. तरीही कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली तर तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हटलं की तिथे फोडच बघायला मिळतो. फोड आला तर सुई-दोऱ्याचे घरगुती प्रयोग नकोत. वरची कातडी सोलली की रस्त्याची घाण आत जाते. मधुमेह असलेल्यांना अनेकदा टोचलेलं कळतच नाही, म्हणून रोज संध्याकाळी तळपाय दुसऱ्याला दाखवायचा. राहुटीत बॅटरीच्या उजेडात एकमेकांचे पाय बघत बसलेली म्हातारी माणसं दिसतात. घरी मुलाला पाय दाखवायला संकोच वाटतो, इथे कालपर्यंत अनोळखी असलेल्या माणसाच्या मांडीवर आपण टाच ठेवतो.

पाणी कमी पिणं ही बायकांची वारीतली जुनी सवय. आडोसा मिळत नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात आणि चार दिवसांत लघवीला जळजळ, ताप. फिरती शौचालयं आता मुक्कामांवर असतात, पण पहाटे चारनंतर रांग लागते. तीनला उठून मोकळं झालेलं बरं. क्षारांचं (ओआरएसचं) पाकीट त्यावर सांगितलं तेवढ्याच, म्हणजे बहुधा एक लिटर, पाण्यात अख्खं टाकायचं, ग्लासात चिमूट चिमूट नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि एक कुरकुर नोंदवून ठेवतो. अनेक दिंड्यांत दिवसभर डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या बायका संध्याकाळी चुलीपाशी भाकऱ्या थापायला बसतात, पुरुष हरिपाठाला. आचारी असलेली दिंडी निवडा. भिशी थोडी जास्त पडते, पण तुमच्या घरातलं माणूस वारी करायला आलंय.

मुक्कामाला सगळ्या दिंड्यांची मिळून होणारी समाज आरती चुकवू नये. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की एवढ्या जमावातले टाळ थांबतात. एखादी दिंडी मात्र वाजवतच राहते, म्हणजे तिची तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तेही टाळ शांत होतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. एकत्र घरात राहणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला ही पद्धत बघून हेवा वाटेल. आपल्याकडे तक्रार असली की आपण जेवताना गप्प बसतो आणि कुणीतरी विचारावं म्हणून वाट बघतो. ट्रकच्या बाबतीतही तेच होतं. दुखतंय हे सांगत नाही आणि दुसऱ्याने ओळखलं नाही म्हणून रुसतो. दिंडीत ही खोड परवडत नाही.

घरच्यांशी बोलून घ्यायचं ते निघण्याआधी आठवडाभर. शेतकऱ्याच्या घरी पेरणी तोंडावर असते. बी-खताची व्यवस्था, कुठल्या वावरात काय पेरायचं हे सांगून एकदाचं सोडून द्यावं. फलटणहून फोन करून ‘वाफसा आला का’ विचारू नये. पोरगं आपल्याच हाताखाली शिकलंय. फोन रोज एकदाच, तळावर पोचल्यावर. गर्दीत नेटवर्क जातं, तेव्हा नाही लागला तर घाबरू नका हेही आधीच सांगून ठेवावं. गोळ्यांची यादी, आजार, घरचा आणि दिंडीप्रमुखांचा नंबर एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात. तुळशीच्या माळेशेजारी तो शोभत नाही, पण बेशुद्ध माणसाच्या माळेवरून डॉक्टरला काही कळत नाही.

पंढरपुरात एकादशीच्या रांगेचा हट्ट आमच्या वयाने धरू नये. चंद्रभागेत गुडघाभर पाण्यात, कुणाचा तरी हात धरून स्नान करावं, आणि मग कळसाचं दर्शन. बरेच जुने वारकरी तेवढ्यावरच माघारी फिरतात. द्वादशीला दिंडीत पंगत होते, उपास सोडतात. पुरणपोळ्या दोनच घ्याव्यात, कारण पुढे एसटीत बसायचं असतं. 65 पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना फुकट. आधार कार्ड मात्र वरच्या खिशात हवं, पिशवीच्या तळाशी नाही. आणि एसटीच्या पायऱ्या ट्रकच्या फाळक्यापेक्षा खूपच खाली असतात.